पेटंटच्या नोटिशीला उत्तर पुण्यातूनच गेलं पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातून दाखल होणाऱ्या पेटंट अर्जांचं कौतुक करणारी बातमी आपल्या उद्योगाच्या पानावर वाचली. कौतुक रास्तच आहे. मार्च २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात देशाच्या पेटंट कार्यालयाने एक लाखाहून जास्त पेटंट मंजूर केली. आपल्याकडची महाविद्यालयं, वाहन उद्योग आणि हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्या या घोडदौडीत आहेत, याचा मलाही अभिमान वाटतो. पण एक लाख पेटंट म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी "हे तू बनवू नकोस" असं सांगण्याचे एक लाख अधिकार. ज्याच्या दारात तो अधिकार नोटिशीच्या रूपाने येऊन उभा राहतो, त्याच्याबद्दल त्या बातमीत अवाक्षर नव्हतं. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

मी पेटंट एजंट आहे. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात उमेदवारी केली, पुढे पेटंट एजंटची परीक्षा दिली आणि तेव्हापासून हेच काम करते. एखादा शोध खरंच नवा आहे का हे बघायला आधीचं तंत्र शोधावं लागतं; त्यासाठी तेव्हा मुंबईला लोअर परळच्या पेटंट कार्यालयात जावं लागायचं, जुने खंड उपसावे लागायचे. आता ते कार्यालय अँटॉप हिलला आहे आणि शोध घरबसल्या, फुकट होतो. माझे बहुतेक पक्षकार भोसरी, चिखली, चाकण भागातले. काहींकडे दहा माणसं, काहींकडे चाळीस.

त्यांच्यातल्या एकांची गोष्ट सविस्तर सांगते. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या स्पिंडलजवळ (फिरत्या दांड्याजवळ) बसवायचं, कंपन मोजणारं छोटं उपकरण ते बनवतात. टूल झिजलं की कंपन वाढतं, दिवा लागतो, ऑपरेटर टूल बदलतो. उपकरण साधं असलं तरी नेटकं आहे, आणि आसपासच्या कारखान्यांत बरंच खपतं. गेल्या पावसाळ्यात त्यांना कुरिअरने एक जाडजूड पाकीट आलं. दिल्लीच्या एका लॉ फर्मची नोटीस, परदेशी तंत्रज्ञान कंपनीच्या वतीने. सात पेटंटचे क्रमांक, खाली रंगीत तक्ते, शेवटी "पंधरा दिवसांत उत्पादन थांबवा, आजवरच्या विक्रीचा हिशेब द्या, अन्यथा दावा". त्यांनी मला फोन केला तेव्हा नोटीस पहिल्या पानापलीकडे वाचलेली नव्हती. म्हणाले, "ताई, किती मागतायत ते बघा, देऊन टाकू. दिवाळीनंतर पोरीचं लग्न आहे, आता कोर्टाची भानगड नको."

मी भोसरीला गेले आणि मशीनशेजारच्या टेबलावर आम्ही पाकीट उघडलं. सातपैकी पाच क्रमांक अमेरिकेतल्या पेटंटचे निघाले. अमेरिकेचं पेटंट भारतात चालत नाही. माल तिकडे निर्यात होत असेल तरच त्याची काळजी, आणि यांचा माल खेड-शिरूरच्या पलीकडे क्वचितच जातो. सहावं पेटंट भारतातलं होतं, पण नूतनीकरणाचं शुल्क न भरल्यामुळे ते केव्हाच बाद झालेलं. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर हे कुणालाही बघता येतं. उरलं सातवं. ते भारतातलं आणि चालू. पेटंटचा हक्क नेमका कशावर आहे हे सांगणाऱ्या वाक्याला क्लेम म्हणतात. मग त्याचा पहिला क्लेम काढून आम्ही शब्दन् शब्द वाचला. त्यात तीन गोष्टी होत्या: कंपन मोजणारा सेन्सर, मशीनवरच्या भारानुसार कंपनाची मर्यादा त्या उपकरणातच पुन्हा पुन्हा ठरवणारा प्रोसेसर, आणि मर्यादा ओलांडताच मशीनचा फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, आपोआप कमी करणारा सिग्नल.

सेन्सर यांच्याकडे होताच, तसा तो जगात सगळ्यांकडे आहे. कंपनाची मर्यादा मात्र ऑपरेटर हाताने बटण फिरवून ठरवतो. प्रोसेसर ती स्वतः बदलत नाही. फीडला तर यांचं उपकरण हातही लावत नाही, फक्त दिवा लावतं. क्लेममध्ये सांगितलेले सगळे घटक मालात असतील तरच उल्लंघन होतं. एखादा घटक हुबेहूब नसला तरी त्याच तोडीचा आहे, असा युक्तिवाद समोरचा करू शकतो. पण इथे दोन घटक मुळातच नव्हते. त्यांच्या फोरमनने उपकरणाचं झाकण उघडून सर्किट बोर्ड माझ्यासमोर ठेवला आणि कुठली तार कुठे जाते ते बोटाने दाखवलं. त्याच्या त्या दाखवण्यावरून आमचं उत्तर तयार झालं. एका तरुण वकिलाच्या सहीने, फोटो आणि सर्किटच्या नकाशासह, दोन पानांचं. पुढे काही पत्र आलं नाही.

सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. चाकणच्या एका पुरवठादाराने अशाच नोटिशीवर मला विचारण्याआधीच परवाना करारावर सही करून टाकली होती. कारण कळलं तेव्हा मी त्यांना बोल लावू शकले नाही. ते ज्या मोठ्या कंपनीला माल देतात तिच्या परचेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला, बारीक टाइपात, एक कलम आहे: या मालावरून पेटंट किंवा कॉपीराइटचा कुठलाही वाद उद्भवला तर सगळं नुकसान पुरवठादार भरून देईल. अशी कलमं आता सर्रास असतात आणि सही करताना ती कुणी वाचत नाही. नोटिशीची प्रत आपल्या ग्राहकालाही जाईल, या भीतीनेच त्यांनी सही केली होती. खटल्यात हरण्याची भीती दुय्यम होती. व्हेंडर म्हणून नाव कटलं की चाळीस माणसांचा पगार कुठून आणायचा, हा त्यांचा प्रश्न खरा होता.

अशा नोटिशीचा धाक दोन गोष्टींवर उभा असतो. आत काय लिहिलं आहे ते वाचता न येणं ही एक, आणि भांडण दूरच्या शहरात, न परवडणाऱ्या फीमध्ये होईल ही दुसरी. या दोन्ही गोष्टी पुण्यात बदलता येण्यासारख्या आहेत, एवढंच मला आपल्या वाचकांसमोर मांडायचं आहे.

आपला कायदा लहान माणसाच्या विरोधात नाही. पेटंट कायदा १९७० चा. त्याच्या कलम १३(४) मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की पेटंट मंजूर झालं म्हणून ते वैध असल्याची हमी मिळत नाही. कुणीही न्यायालयात त्याला आव्हान देऊ शकतो. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लेथवर भांडं पकडून ठेवण्याच्या एका सुधारित पद्धतीवर एका उत्पादकाने १९५१ मध्ये पेटंट घेतलं आणि दुसऱ्यावर दावा लावला. १९७८ मध्ये न्यायालयाने ते पेटंट टिकू दिलं नाही. जुन्या लेथमध्ये केलेली वर्कशॉपमधली नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. लेथवर आयुष्य काढलेल्या भोसरीच्या माणसाला हा निकाल कुणीतरी मराठीत सांगायला हवा. त्याला तो माझ्यापेक्षा लवकर कळेल.

कलम १०६ तर नोटीस मिळालेल्यांसाठीच आहे. बिनबुडाची धमकी देणाऱ्याविरुद्ध धमकी मिळालेला माणूस स्वतः न्यायालयात जाऊ शकतो, धमक्या थांबवण्याचा मनाई हुकूम मागू शकतो, नुकसानभरपाई मागू शकतो. "आमचं अमुक पेटंट आहे" एवढंच कळवणं ही धमकी धरली जात नाही, हेही त्याच कलमात आहे. "उत्पादन थांबवा नाहीतर दावा" हे त्याच्या पुढचं झालं. माझ्या पक्षकारांपैकी एकालाही मी सांगेपर्यंत हे कलम माहीत नव्हतं. खेदाची गोष्ट म्हणजे त्यांच्या नेहमीच्या वकिलांनाही नव्हतं.

मोठ्यांना मात्र ते चांगलं माहीत असतं, आणि याचं उदाहरण आपल्याच शहराशी जोडलेलं आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोकडे एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग लावण्याच्या तंत्राचं पेटंट होतं. डीटीएस-आय या नावाने ते घरोघरी पोचलं. २००७ मध्ये चेन्नईच्या टीव्हीएस मोटरने फ्लेम ही १२५ सीसीची मोटरसायकल जाहीर केली. बजाजने उल्लंघनाचा आरोप केला, आणि टीव्हीएसने याच कलम १०६ खाली मद्रास उच्च न्यायालय गाठलं. बजाजचाही दावा तिथेच. फेब्रुवारी २००८ मध्ये एकलपीठाने टीव्हीएसला मनाई केली. गाडी एका स्पार्क प्लगवर बाजारात आणावी लागली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती मनाई उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला मुभा दिली, विक्रीचा हिशेब ठेवायला सांगितलं, आणि अशी प्रकरणं रोजच्या रोज चालवून चार महिन्यांत निकाली काढावीत असंही सांगितलं. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवलं. चार महिन्यांच्या अपेक्षेनंतर दहा वर्षं. बजाज आणि टीव्हीएस दहा वर्षं वकील लावू शकतात. भोसरीच्या जे-ब्लॉकमधला माझा पक्षकार दहा आठवडेही लावू शकत नाही, आणि नोटीस पाठवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

अमेरिकेने या दुखण्याचं टोक पाहिलं आहे. तिथे स्वतः काहीच न बनवता पेटंट विकत घेऊन फक्त नोटिसा पाठवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. २०१२-१३ च्या सुमारास एमपीएचजे नावाच्या कंपनीने देशभरच्या छोट्या कचेऱ्यांना पत्रं पाठवली: तुम्ही कागद स्कॅन करून थेट ईमेलने पाठवता, ते तंत्र आमचं आहे, दर कर्मचाऱ्यामागे सुमारे हजार डॉलर भरा. स्कॅनर बनवणाऱ्या कंपन्यांना बाजूला ठेवून तो वापरणाऱ्यांनाच गाठलं होतं, कारण वापरणारा लढत नाही. व्हरमाँट या लहानशा राज्याच्या महाधिवक्त्याने त्या कंपनीवर दावा लावला आणि त्याच वर्षी, २०१३ मध्ये, वाईट हेतूने पेटंटच्या धमक्या देण्याविरुद्ध राज्याने कायदाही केला. टेक्सासमधल्या मार्शल या छोट्या गावाचं न्यायालय पेटंटधारकांना अनुकूल मानलं जाई. देशभरच्या कंपन्यांना तिथे खेचलं जायचं, इतकं की सॅमसंगने तिथल्या लोकांची मर्जी राखायला न्यायालयाजवळच्या बर्फाच्या स्केटिंग रिंकला पैसे पुरवले. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टीसी हार्टलँड खटल्यात कुणावर कुठे दावा लावता येईल याला लगाम घातला तेव्हा ही गर्दी ओसरली. दावा कुठे चालतो यावर अर्धा निकाल ठरलेला असतो, हे त्यांनी अनुभवातून ओळखलं.

आपल्याकडे ते ठिकाण सध्या दिल्ली आहे. पेटंटच्या दाव्याला साधा नियम असा की प्रतिवादी जिथे आहे किंवा जिथे दाव्याचं कारण घडलं तिथे दावा लावावा. पण माल संकेतस्थळावरून दिल्लीत मागवता येतो एवढं दाखवून दिल्लीत दावा लावण्याचा प्रयत्न होतो, आणि पुष्कळदा तो जमतो. २०२१ मध्ये बौद्धिक संपदेचं अपील न्यायाधिकरण केंद्राने बंद केलं, त्याची प्रकरणं उच्च न्यायालयांकडे गेली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतंत्र बौद्धिक संपदा विभाग सुरू केला आणि २०२२ मध्ये पेटंट दाव्यांसाठी स्वतःचे नियम केले. ते नियम मी वाचले आहेत आणि ते चांगले आहेत. पक्षकारांनी तंत्र समजावून सांगणारं टिपण द्यायचं, क्लेमचा अर्थ काय लावता ते वेगळं लिहून द्यायचं, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना समोरासमोर बसवून प्रश्न विचारता येतात, विज्ञानाचे सल्लागार घेता येतात. याच न्यायालयाच्या एकलपीठाने मार्च २०२४ मध्ये एरिक्सनच्या दाव्यात लावा या मोबाइल कंपनीला २४४ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. प्रत्येक फोनला पाळाव्याच लागणाऱ्या मोबाइलच्या मानकात गुंतलेल्या पेटंटचा तो वाद होता. आता आपल्या दुचाकींत, बसच्या ट्रॅकरमध्ये, शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्येही सिमकार्ड बसतं आहे. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय या वाहनांच्या चाचणी संस्थेत चाचणीला येणाऱ्या कितीतरी उपकरणांत मोबाइलचं मोड्यूल असतं. मोबाइल कंपन्यांपुरता असलेला हा वाद त्या वाटेने पुरवठादारांच्या शेडमध्ये शिरणार आहे.

अशा खटल्यातलं खरं काम न्यायालयात उभं राहण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं: सर्किट समजून घेणं, जुनं तंत्र शोधणं, क्लेमचे तुकडे पाडून ते मालाशी ताडून बघणं. यातून आपल्या व्यवस्थेतली एक भेग उघडी पडते. पेटंट एजंट व्हायला विज्ञानाची किंवा इंजिनीअरिंगची पदवी लागते, वर परीक्षा द्यावी लागते. पण एजंट पेटंट कार्यालयापुढे काम करू शकतो, न्यायालयात युक्तिवाद करू शकत नाही. युक्तिवाद करणाऱ्या वकिलाला विज्ञान येण्याची अट नाही. म्हणजे ज्याला सर्किट कळतं त्याला बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येतं त्याला ते कुणीतरी समजावून द्यावं लागतं. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या फर्म दोघांनाही पगारावर ठेवतात. पुण्यात इंजिनीअर मुबलक, वकील मुबलक. इथल्या कितीतरी तरुण मुली आणि मुलं परदेशी कंपन्यांसाठी पेटंट शोधाचे अहवाल रोज तयार करतात. हेच कौशल्य भोसरीसाठी कामाला येत नाही, कारण ते एका टेबलावर येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या धंद्याची गती बदलली आहे. संकेतस्थळावरच्या माहितीपत्रकातली वाक्यं क्लेमशी जुळवून रंगीत तक्ते काढणं आता स्वस्त झालं आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या नोटिशींत ते स्पष्ट दिसतं: तक्ता भरगच्च, पण मशीन कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तीच साधनं आपल्यालाही वापरता येतात. जपानी किंवा जर्मन भाषेतलं जुनं पेटंट शोधायला पूर्वी आठवडे जायचे, आता दुपारच्या चहाआधी हाती लागतं. मात्र त्यावर विसंबून न्यायालयात जाऊ नये. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. माझ्याकडे एक तरुण उद्योजक असाच कागद घेऊन आला होता. त्यात आपल्या पेटंट कायद्याच्या एका कलमाच्या नावावर भलताच मजकूर होता. पाठवण्याआधी दाखवला म्हणून निभावलं.

शोधाच्या बाबतीत एक गोष्ट मराठी वाचकांना आवर्जून सांगते. पेटंटचा अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच करावा लागतो, मराठीत चालत नाही. पण एखादं पेटंट पाडायला पुरावा कुठल्याही भाषेतला चालतो. ते तंत्र अर्जाच्या तारखेआधी लोकांना माहीत होतं, वापरात होतं किंवा छापलं गेलं होतं, हे दिसलं पाहिजे. चिखलीच्या एका फवारणी पंप बनवणाऱ्यावर आलेली नोटीस परतवायला आमच्या कामी आलं ते मराठी माहितीपत्रक. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भरलेल्या एका जुन्या प्रदर्शनात ते वाटलं गेलं होतं. त्यावर नोझलचं चित्र होतं, खाली किंमत आणि प्रदर्शनाची तारीख. एका निवृत्त फोरमनने ते पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं. माझी कळकळीची विनंती आहे: जुनी माहितीपत्रकं, चलनं, ड्रॉइंग, दुरुस्तीच्या वह्या रद्दीत घालू नका. तारीख असलेला कागद हा तुमचा साक्षीदार आहे.

मी पेटंटविरोधी नाही. माझं पोट त्यावर आहे, आणि लहान माणसाने स्वतःच्या शोधाचं पेटंट घ्यावं असं मी प्रत्येकाला सांगते. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. ही सवलत चांगली आहे. पण २०२४ च्या नियमबदलांतली दिशा मला पटत नाही. पेटंट भारतात वापरात आहे की नुसतं कपाटात पडून आहे हे सांगणारं विवरण दरवर्षी द्यावं लागायचं, ते आता तीन वर्षांतून एकदा. मंजुरीआधी हरकत घेणाऱ्याला शुल्क भरावं लागतं, आणि त्याची हरकत ऐकायची की नाही हेही आधी ठरतं. फालतू हरकती थांबाव्यात हा हेतू मी समजू शकते. पण हजारो पेटंट भराभर मंजूर होत असताना चुकीचं पेटंट अडवण्याची दारं अरुंद करणं म्हणजे पुढच्या नोटिशींची सोय करून ठेवणं आहे.

आता पुण्यापुरतं. उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो. पण प्रतिवादीने "हे पेटंटच रद्द करा" असा प्रतिदावा केला की सगळं प्रकरण उच्च न्यायालयात जातं. म्हणजे बचावाचं सगळ्यात प्रभावी हत्यार उचललं की शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय सोडून मुंबई. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या लोकांची पायपीट वाचली, फार चांगलं झालं. पुणे जिल्हा त्यात नाही. खंडपीठाची पुण्याची मागणी जुनी आहे आणि तिचा निकाल माझ्या पत्राने लागणार नाही. पण पेटंटच्या प्रकरणात पुण्याच्या लघुउद्योजकाला दूरस्थ सुनावणी मागितल्यावर मिळावी, साक्षीदार फोरमनला मशीन सोडून मुंबईला जावं न लागता त्याच्या कारखान्यातूनच, मशीन दाखवत, मराठीत सांगता यावं, एवढं तर होऊ शकतं. न्यायालयाला स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमण्याचा अधिकार कलम ११५ ने दिलेलाच आहे. सीओईपी हे अभियांत्रिकी विद्यापीठ, एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पुणे विद्यापीठ ज्या शहरात आहे तिथे अशा सल्लागारांची यादी करायला अडचण येऊ नये.

दुसरी विनंती आयएलएस आणि शहरातल्या इतर विधी महाविद्यालयांना, आणि सीओईपीलाही. कायद्याच्या विद्यार्थ्याने आणि इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने एकाच टेबलावर बसून एक खरा क्लेम आणि एक खरं मशीन ताडून बघावं, असा वर्ग सुरू करा. व्याख्यानं पुष्कळ होतात, त्यांचा उपयोग थोडा. मशीनचं झाकण उघडायला हवं. आणि बार असोसिएशनने कलम १०६ आणि परचेस ऑर्डरमधली भरपाईची कलमं यांवर वकिलांसाठी एक कार्यशाळा घ्यावी. नोटीस आली की उद्योजक प्रथम आपल्या ओळखीच्या वकिलाकडेच जातो, आणि "भरून टाका" हा सल्ला तिथेच मिळतो.

तिसरी विनंती मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेला आणि भोसरी-चाकणच्या लघुउद्योजक संघटनांना. नोटीस आलेल्या माणसाला फीचा विचार न करता पहिल्या दोन दिवसांत कुणाला तरी दाखवता यावी, अशी सोय करा. एक एजंट, एक वकील, एक इंजिनीअर, तिघं पुरे. पहिली तपासणी एका बैठकीत होते: पेटंट कुठल्या देशाचं, चालू आहे का, क्लेममध्ये काय आहे, आपल्या मालात काय आहे. माझा वेळ मी विनामूल्य द्यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी काही एजंट येतील याची मला खात्री आहे. बैठक शहरातल्या सभागृहात न ठेवता भोसरीतच घ्यावी आणि गुरुवारी घ्यावी. त्या पट्ट्यातल्या कारखान्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते. येणाऱ्यांना नोटीस, परचेस ऑर्डर आणि शक्य असेल तर तो माल सोबत आणायला सांगावं.

आपली नम्र,
एक पेटंट एजंट,
कर्वेनगर, पुणे